काम चालू आहे

— बंद? कोणी सांगितलं तुम्हाला बंद? छे छे, मॅडम, काहीतरी चुकीचं कानावर आलंय. काम जोरात चालू आहे. जोरात म्हणजे — या घडीला आवाज येत नाही, ते खरं — पण त्याचं काय आहे, माणसं जेवायला गेलीत. सगळी. एकदम. आमच्याकडे तशीच पद्धत आहे, एकानं जेवायचं नि बाकीच्यांनी त्याच्या तोंडाकडे बघायचं, असलं आम्हाला जमत नाही. बसा ना. ही खुर्ची घ्या — ती नको, तिचा एक पाय नुसता दाखवायला आहे. चहा ठेवलेलाच होता, घ्या. तर चाळीसेक माणसं असतील. ते बूट बघा दारात, ओळीनं लावलेले, चिखल अजून ओला आहे. आणि खुंट्यांवरची हेल्मेटं बघा, पिवळी माणसांची, पांढरं इंजिनिअरसाहेबांचं. साहेब दातांच्या डॉक्टरकडे गेलेत. दाढ. काय दुखावी हो माणसाची दाढ — परवा असे ओरडले, असे ओरडले, की पलीकडच्या देशातला पहारेकरी बंदूक घेऊन बाहेर आला, त्याला वाटलं आम्ही युद्ध पुकारलं. मीच हात हलवून सांगितलं, दाढ आहे रे बाबा, दाढ! तेव्हा गेला बिचारा आत. — काय? बूट इथं आहेत मग माणसं जेवायला कशानं गेली? दुसरे बूट असतात ना. जेवायचे. अहो हसताय काय, कंपनी मोठी आहे.

मला ठाऊक आहे तुम्ही कशाला आलात. तुमच्या परवाना कार्यालयातून दरवर्षी कोणीतरी येतं, आणि एकच प्रश्न घेऊन येतं — काम चालू आहे की सोडून दिलंय? चालू असेल तर परवाना जिवंत. सोडून दिलेलं दिसलं, की परवाना रद्द, पाइपलाइन रद्द, सीमेवरचं आमचं गेट कायमचं सील. ते कलम मला झोपेतसुद्धा म्हणता येतं. तुमच्या आधीचे साहेब चांगले होते हो — म्हणजे तुम्ही वाईट असं नाही — पण ते गाडीतून उतरायचे नाहीत. काच एवढीशी खाली करायचे, विचारायचे, चालू आहे? मी म्हणायचो, चालू आहे. काच वर. झालं. तुम्ही पहिल्याच, ज्या आत आल्या नि खुर्चीत बसल्या. आता बसलाच आहात तर ऐका, हा परवाना मिळवायला काय काय झालंय ते, म्हणजे तो रद्द करताना तुमचा हात जड होईल. तेलाची एक नळी या देशातून त्या देशात न्यायची — नळीच हो, फक्त आतून माणूस रांगत जाईल एवढी — तर सैन्याची परवानगी, परराष्ट्राची, जमिनीची, जंगलाची, आणि हे सगळं दोनदा, कारण देश दोन. मासे खात्याचीसुद्धा! इथं प्यायचं पाणी टँकरनं येतं, मॅडम. तरी मासे खात्याचा माणूस आला, दुर्बीण लावून चहूकडे बघितलं, आणि लिहून दिलं की माशांची हरकत नाही.

आणि टोपीची गोष्ट? ती तर तुमच्या कार्यालयात फ्रेम करून लावली पाहिजे. पाइप जोडत जोडत आम्ही इकडून सीमेपाशी पोचलो, ते लोक तिकडून पोचले, आणि आमच्या पाइपात हवेचा दाब भरून तपासणी चालली होती. एक झाकण सुटलं — फाट्! समोर इंजिनिअरसाहेब उभे. साहेब राहिले इकडं, टोपी गेली परदेशात. आता ती आणायची कशी? टोपीला पासपोर्ट नाही. अर्ज केला. तिकडच्या सरकारनं विचारलं, टोपी स्वतःहून आली की पाठवली? इकडच्यांनी विचारलं, परत येताना ती तिकडचं काही घेऊन तर येणार नाही? शेवटी आली हो टोपी, आतल्या बाजूला शिक्का मारून आली. साहेबांनी घातली तर कानाखाली उतरली. दुसऱ्याचीच होती! — नाही, अगदी खरं. म्हणजे टोपी उडाली हे खरं. पुढचं थोडंसं माझं आहे.

तर सीमेपाशी पोचलो, तिथंच घोडं अडलं. मध्ये एक मोकळी पट्टी आहे, या खिडकीतून दिसते बघा, ते दोन्हीकडचं तारेचं कुंपण — त्याच्या मधली. दहाबारा पाइप टाकले असते की जोडलं गेलं असतं. तेवढ्यात दोन्ही सरकारांचं बिनसलं. कशावरून, ते वर्तमानपत्रात रोज वेगळं यायचं. लोकांचं येणंजाणं बंद, गाड्या बंद, फोनसुद्धा तोडले, पत्र टाकलं तर तिसऱ्या देशातून फिरून येतं, आलं तर. जोडणी ‘तूर्त’ थांबवा म्हणाले. मॅडम, हा ‘तूर्त’ शब्द ज्यानं काढला ना, त्याला एकदा माझ्यासमोर आणा. पण परवाना कोणीच रद्द केला नाही, कारण आज ना उद्या जुळेल, मग परत त्या माशांच्या माणसाला कोण शोधत बसणार? म्हणून दोन्हीकडच्या कंपन्यांनी माणसं हलवली आणि राखणीला एकेक —

एकेक तुकडी ठेवली. चाळीस जणांची. सांगितलं ना.

अहो, हेल्मेट कशाला काढताय खुंटीवरून — तिथं धूळ असते, हात खराब होतील. जाळी? असेल. कोळी कुठं नसतो? आमच्या हजेरीपटावर नाही एवढंच, बाकी सगळ्यांत नियमित तोच. ... बरं. बरं, ठेवा ते जागेवर. नाही मॅडम, मी काही कच्चा माणूस नाही, तुमच्या चेहऱ्यावरनं कळलं मला. चाळीस नाहीत. आज नाहीत. आज मी एकटाच आहे. काल पण — जाऊ दे. पण काम चालू आहे हे खोटं नाही! एक माणूस करतो ते काम नव्हे का? जमिनीखाली लोखंड आहे, त्याला गंज लागू नये म्हणून त्यात बारीकशी वीज सोडलेली असते, ती नीट चालते की नाही हे मीटर लावून बघावं लागतं. आणि परवान्यातच अट आहे — महिन्यातून एकदा दोन्हीकडच्या राखणदारांनी त्या पट्टीतल्या खुणेच्या खांबापाशी, मधल्या तारेच्या दोन बाजूंना, समोरासमोर यायचं, आपापलं रीडिंग मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं ऐकून लिहून घ्यायचं. एक सैनिक इकडचा, एक तिकडचा, बाजूला उभे. कामाशिवाय बोलायचं नाही. हस्तांदोलन नाही, वस्तू द्यायची नाही, घ्यायची नाही. एवढं काटेकोर काम तुमच्या कार्यालयात तरी होतं का? आणि ती तर इतकी काटेकोर आहे, की मी पॉइंटनंतरचा आकडा गिळला तर परत वाचायला लावते. डाव्या हातानं लिहिते, पण अक्षर बघाल तर छापल्यासारखं. लहानपणी पाटीवर सुद्धा —

कोण म्हणजे? तिकडची राखणदार. बाई आहे. आता बायका पण करतात ही कामं, तुम्ही नाही का करत. — लहानपणचं मला कसं माहीत? तसं नाही, अंदाज हो, अंदाज. एखादीचं अक्षर असं असलं म्हणजे लहानपणी...

बाईसाहेब, तुम्ही फार कमी बोलता. माणसाला त्यानं त्रास होतो. समोरचा बोलत असला की मी त्याला कुठंही फिरवून आणतो. तुम्ही गप्प बसता आणि मीच घसरत जातो. मुलगी आहे माझी. झालं? एकुलती एक. तिकडचा एक वेल्डर होता, काम जोरात होतं तेव्हा — खरं जोरात, तेव्हा खरंच चाळीस माणसं होती — पास असायचे सगळ्यांना, सकाळी इकडं यायचे, संध्याकाळी तिकडं जायचे. तो यायचा माझ्याकडे मीटर मागायला. मीटर रोज मागायचा. वेल्डरला मीटर कशाला लागतो, हे मला लग्न ठरेपर्यंत कळलं नाही, एवढा हुशार मी. लग्न इथंच झालं, या शेडमध्ये, दोन्हीकडचे लोक, दोन्हीकडचे सैनिकसुद्धा जेवून गेले. कामगाराची बायको म्हणून तिला पास मिळाला, ती गेली तिकडं. कुठं, तर हे इथं! इथून हाक मारली तर ऐकू जाईल. मी तिच्या आईला म्हणालो, पोरगी परदेशात दिलीय, पण खिडकीतून तिच्या चुलीचा धूर दिसतोय, असं स्थळ कुणाला मिळालं? पुढच्याच हिवाळ्यात सगळं थांबलं. पास रद्द. तिकडच्या कंपनीनं राखणीला जावयाला ठेवलं. मग त्याला बंदरावर चांगलं काम मिळालं, तो गेला, आणि ही नोकरी तिनं मागून घेतली. का मागून घेतली, ते तुम्हाला मी सांगायला नको.

तर महिन्यातून एकदा भेट. तारेच्या अलीकडे मी, पलीकडे ती. कामाशिवाय बोलायचं नाही — म्हणून मग आम्ही कामाचंच बोलतो. नातू झाला तो मला कळला कसा? ती म्हणाली, तिकडं एक छोटा व्हॉल्व्ह नवीन बसवलाय, तब्येतीनं बरा आहे. सैनिकानं नुसतं बघितलं. ते काय आंधळे असतात होय? त्यांनाही घरी व्हॉल्व्ह असतात. पुढं एकदा मला इतका आनंद झाला, इतका, की त्या भरात मी महिन्याच्या अहवालात लिहून टाकलं, ‘छोट्या व्हॉल्व्हला खालचे दोन दात आले.’ मुख्य कार्यालयातून विचारणा आली — कोणत्या कंपनीचा व्हॉल्व्ह, दात कशाचे, बदलून हवा का? मी कळवलं, नको, वॉरंटीत आहे. हसा, हसा. तिची आईसुद्धा आठवडाभर हसत होती.

ती गेली तेव्हा मात्र... ती म्हणजे बायको. मी ठरवून गेलो होतो काय बोलायचं ते. मुख्य पंप बंद पडला, असं म्हणणार होतो. रात्रभर तोंडपाठ केलं. आयुष्यभर थापा मारणारा माणूस मी, मला काय अवघड? पोचलो खांबापाशी. ती वही उघडून उभी. मी रीडिंग वाचलं. तिनं लिहिलं. मग मी तेच परत वाचलं. परत तेच. मला दुसरं काही येईचना तोंडातून — तोच आकडा, तोच आकडा. तिनं लिहायचं थांबवलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "आई?" बस, एवढंच. हा शब्द कामाचा नव्हता. सैनिकानं नोंद करायला पाहिजे होती. तो पाठ फिरवून खोकत राहिला, तिकडचा पण आणि इकडचा पण. काय खोकले हो दोघं! तिला जवळ घेता आलं नाही. मध्ये तार होती, तार काही फार उंच नाही, पण होती.

म्हणून म्हणतो मॅडम, लिहा की चालू आहे. तुमचं काय जातं? दोन्ही सरकारांचा काही खर्च नाही. तेल नको, मला तेल वाहायलाच नको आहे, वाहिलं तर इथं मशिनं येतील आणि आम्हा दोघांना हाकलून देतील. जोडू पण नका, तोडू पण नका, एवढंच. असंच राहू दे. बूट मी रोज सकाळी ओले करतो, पुढच्या वर्षी हेल्मेटं पण पुसून ठेवीन, आणखी काय हवं ते सांगा. — एक मिनिट. पाय जरा इकडं करा. नाही, तसं नाही — ही धूळ. तुमच्या बुटांवरची. ही पांढरी आहे. आमची माती काळी. आख्ख्या या बाजूला पांढरी माती कुठं नाही. ... तुम्ही तिकडून आलात. सकाळी तिकडं होतात, मोठ्या नाक्यानं वळसा घालून आता इकडं; परवान्याच्या माणसांना तेवढी मुभा आहे. दोन्ही टोकं बघायला सांगितलीत तुम्हाला. मग एवढा वेळ मला बडबडू दिलंत होय!

तिला भेटलात? कशी आहे? सर्दी आहे का अजून? नाही, नाही, ते नको, आधी हे सांगा — काय म्हणाली ती? तुम्ही विचारलं असेल, काम चालू आहे का. काय म्हणाली?

...

चालू आहे, म्हणाली?

नक्की? तिच्याच तोंडानं? तुमचा काहीतरी घोटाळा — अहो, ती खोटं बोलत नाही. तुम्हाला कळत नाहीये मी काय सांगतोय. तिला येतच नाही! सहा वर्षांची होती, मी ओट्यावर बसून दहा जणांना सांगत होतो, पुरात मी म्हैस पाठीवर घेऊन पोहलो, लोक आ वासून ऐकतायत, आणि ही आतून येऊन म्हणते, बाबा तेव्हा माळ्यावर झोपले होते. अशी पोर. माझ्या थापांची तिला लाज वाटायची. एकदा म्हणाली होती, बाबा, तुमचं खरं कुठलं ते ओळखायला मला फार वेळ लागतो हो. आणि ती तुम्हाला — सरकारी माणसाला — तोंडावर — चालू आहे? बघत कुठं होती? खाली? पायांकडं? हां. मग तीच. तिला एवढंसुद्धा सांगता आलं नसेल की माणसं जेवायला गेलीत. नुसतं ‘चालू आहे’ आणि मान खाली. कान लाल झाले असतील.

माझ्यासाठी बोलली. कळतंय ना तुम्हाला? स्वतःसाठी नाही.

गेल्या खेपेला ती काय म्हणाली, ते मी तुम्हाला सांगितलं नाही. म्हणाली, "छोटा व्हॉल्व्ह आता इथं बसत नाही. मोठ्या लाइनला जोडायला हवा." सात वर्षांचा झालाय तो. तिथं शाळा नाही, शेजार नाही, खेळायला दोन सैनिक आणि एक शेळी. बाप बंदरावर, सणासुदीला येतो. बंदरावर घर आहे, शाळा घरासमोर आहे, सगळं आहे — आणि ही बाई पोराला घेऊन त्या पत्र्याच्या खोलीत बसलीय, का, तर महिन्यातून एकदा मला आकडे वाचून दाखवायला. तिनं नोकरी सोडली तर दुसरा कोणी येईल खांबापाशी, आणि मी त्याच्याकडे बघत बसेन, हे तिला दिसतं. मी काय केलं माहीत आहे? कळलंच नाही असं दाखवलं. म्हणालो, अगं व्हॉल्व्हचं काय घेऊन बसलीस, परवा इकडं काय गंमत झाली — आणि एक लांबलचक गोष्ट सांगितली, पाइपात कोल्हा शिरल्याची. ती हसली. हसली आणि "पुढच्या महिन्यात ऐकते उरलेली" म्हणाली, आणि गेली. अर्धीच ठेवली होती मी. मुद्दाम.

ती कधी सोडून जायची नाही, मॅडम. परवाना जिवंत आहे तोवर नाही. आता तर ती खोटंसुद्धा बोलायला लागली.

लिहा. लिहा तुम्ही. बंद आहे. काम सोडून दिलेलं आहे. दारातले ते सगळे बूट माझेच आहेत, काही तर दोन्ही डावे आहेत, बघून घ्या. — नाही, उद्या नाही. हो, उद्या रीडिंगचा दिवस आहे, मला माहीत नसेल का? उद्या संध्याकाळपर्यंत थांबू नका. उद्या ती समोर आली की मी काहीतरी सांगत सुटेन, आणि ती ऐकेल, आणि मग मी तुमच्या पाया पडून परत ‘चालू’ लिहायला लावीन, मला मी चांगला ओळखतो. आजच लिहा. माझ्यासमोर लिहा.

आणि ऐका — तिनं तुम्हाला चालू म्हणून सांगितलं, त्याचं तिच्यावर काही येऊ देऊ नका. असं लिहा: इकडचा राखणदार महालबाड माणूस आहे. त्यानंच तिला सांगितलं की इकडं चाळीस माणसं काम करतायत. दर महिन्याला तारेपलीकडून ओरडून सांगायचा, आज एवढं झालं, उद्या एवढं होणार. ती बिचारी खरं धरून चालली. — खोटं आहे, मला ठाऊक आहे की खोटं आहे. चालवून घ्या एवढं एक. माझ्याबद्दल लिहायचंय, लोक लगेच विश्वास ठेवतील.

झाली सही? दाखवू नका मला, ठेवा बॅगेत.

काय? तिकडं परत जाणार आहात? निरोप?

...

नाही. काही नाही. म्हणजे — सांगा, की इकडं काम बंद आहे. मीच म्हणालो म्हणून सांगा. तिला वाटेल थाप आहे; तर म्हणावं, नाही, या खेपेला खरं आहे.

निघा आता. नाही, रडत वगैरे नाहीये मी, तुम्ही निघा ना. गाडीचा ड्रायव्हर केव्हाचा हॉर्न वाजवतोय. जा, मॅडम. दार ओढून घ्या जाताना.